खिशातल्या जुन्या पेन्सिली जमवायच्यात? गोव्यात राहून सुरुवात कशी करायची ते सगळं

जुनी फाउंटन पेनं जमवणारे आता भरपूर झालेत, त्यांचे भावही चढलेत, पण त्याच डब्यात पेनाच्या शेजारी पडलेली ती बोटभर लांबीची चांदीची पेन्सिल कुणी उचलत नाही. दुकानदारालाही ती काय आहे हे पुष्कळदा माहीत नसतं, टूथपिकचं केस किंवा सुया ठेवायची नळी म्हणून ती तशीच पडून असते. म्हणून ज्याला खरंच आवड आहे आणि खिसा फार मोठा नाही त्याने पेन्सिलींपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एवढं समजून घ्या की या वस्तू नुसत्या हौसेच्या नव्हत्या. १८८४ मध्ये अमेरिकेत वॉटरमनने फाउंटन पेनाचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर भरवशाची फाउंटन पेनं लोकांच्या खिशात आली, त्याआधी शाई घेऊन फिरायची म्हणजे दौत आणि बुडवायचा टाक दोन्ही सांभाळायचे, ते कोण करणार. त्यामुळे बाहेर हिंडताना हिशेब, पत्ता, निरोप जे काय लिहायचं ते पेन्सिलीने. साध्या लाकडी पेन्सिलीचं टोक खिसा काळा करतं आणि मोडतं, म्हणून मग टोक आत जाणारी, घड्याळाच्या साखळीला अडकवता येणारी पेन्सिल आली. लंडनमध्ये जॉन आयझॅक हॉकिन्स आणि सॅम्पसन मॉर्डन यांनी १८२२ मध्ये सतत टोकदार राहणाऱ्या पेन्सिलीचं पेटंट घेतलं, पुढे मॉर्डनने हॉकिन्सचा हिस्सा विकत घेऊन स्वतःची कंपनी काढली आणि जवळपास शंभर वर्षं या धंद्यात तेच नाव मोठं राहिलं.

गोव्यात ह्या मिळतात कशा हा प्रश्न मला नेहमी विचारतात. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज राज्य होतं त्यामुळे लिस्बनहून आलेला माल आहेच, पण त्याहून जास्त माल तारवटींनी, म्हणजे बोटींवर काम करणाऱ्यांनी, आणलाय. गोव्यातली किती माणसं इंग्रजांच्या बोटींवर कामाला होती, किती जण मोंबासा, झांझिबार, नैरोबीला कारकून होते, मुंबईत तर विचारूच नका, आणि ही सगळी माणसं परत येताना ट्रंकेत अशा बारीक वस्तू घेऊन यायची. म्हणून एकाच घरात पोर्तुगीज कागदपत्रं आणि इंग्लिश पेन्सिल असं सापडलं तर नवल वाटून घेऊ नका.

पहिलं काम, काय जमवायचं ते ठरवा

सगळंच घ्यायला गेलात तर वर्षभरात डबा भरेल आणि त्यात धड एक वस्तू नसेल. ढोबळमानाने प्रकार असे. एक, पिळून लीड पुढे येणारी, म्हणजे नाकाचा, जिथून लीड बाहेर येते तो भाग किंवा वरचं टोक फिरवलं की आतल्या आट्यांवर लीड सरकते. दुसरी सरकवायची, नळीवर एक कडी किंवा बटण असतं ते पुढे ढकललं की आतली नळी बाहेर येते. तिसरी सगळ्यांची लाडकी, तिला जमवणारे मॅजिक पेन्सिल म्हणतात, मागची कडी ओढली की पुढून टोक बाहेर येतं, म्हणजे एकाच ओढीत पेन्सिल दोन्ही बाजूंनी वाढते, बंद असताना सुपारीच्या खांडाएवढी आणि उघडल्यावर पूर्ण लिहिण्याजोगी. चौथा प्रकार म्हणजे लाकडी पेन्सिलीचा तुकडा धरून ठेवणारे होल्डर, चांदीची किंवा पितळेची नळी आणि त्यावर नक्षी, तुकडा आत उलटा घालून खिशात ठेवायचा. याच घराण्यातली बुलेट पेन्सिल, बंदुकीच्या काडतुसाच्या आकाराची. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावाने सैनिकांना पितळी डब्या वाटल्या गेल्या त्यांतल्या काहींमध्ये अशी पेन्सिल होती, त्यावर एम अक्षराचं चिन्ह असतं. मूळ पेन्सिलीला मागणी भरपूर म्हणून नकलाही आहेत, तेव्हा नवख्या माणसाने इथून सुरुवात करू नये.

टेबलावर ठेवायचे शोभेचे पेन्सिल स्टँड, कलमदानं, हा वेगळाच पसारा आहे. पितळी कलमदान, बिदरीचं काम, सावंतवाडीचं लाखकाम, काश्मिरी कागदाच्या लगद्याचं, सगळं सुंदर, पण जागा खातं. माझा सल्ला असा की एखाद-दुसरं टेबलावर खरोखर वापरायला घ्या आणि संग्रह खिशातल्यांचाच करा.

लागणारं सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनाराकडे असतं तसलं. जाडी मोजायचा डिजिटल व्हर्नियर, स्वस्तातला चालतो. छोटी टॉर्च. एक लोहचुंबक. मऊ जुनं सुती फडकं. आणि गिटारच्या तारा, हे वाचून बरेच जण चमकतात पण गोव्यात घरोघरी गिटार असते तर तुटलेल्या तारा टाकून देऊ नका, त्यांचं काम पुढे सांगतो.

कुठे शोधायच्या

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, पण सकाळी लवकर आणि भाजी-मासळीच्या बाजूला नाही, जुन्या सामानाच्या बाजूला. हणजूणचा बुधवारचा बाजार पर्यटकांचा, तिथे 'अँटिक' म्हणून नवीन पितळ पुष्कळ, तरी अधूनमधून काहीतरी खरं हाताला लागतं. पणजी आणि मडगावची जुन्या वस्तूंची दुकानं आहेतच. भंगारवाल्यांशी ओळख ठेवा, चतुर्थीच्या आधी आणि नाताळच्या आधी घरं झाडून रंगवून काढतात तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात आणि त्यातलं अर्धं भंगारात जातं, ते दोन महिने फोन चालू ठेवायचे.

सगळ्यात चांगल्या वस्तू मात्र ओळखीतून मिळतात, जुन्या घरांतून. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आंटीकडून किंवा काकांकडून वस्तू घेताना तिची खरी किंमत त्यांना सांगा. ती चांदी आहे हे आपल्याला कळलंय आणि त्यांना नाही, तर आधी ते बोलायचं. आणि विकायची नसेल तर आग्रह नको, फोटो काढून घ्या, ती कुणाची, कुठून आली ते लिहून घ्या. अशा ठिकाणी चहा पिता पिता जी माहिती मिळते ती कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसते, आणि पुढे तीच माणसं शेजाऱ्यांना सांगतात की आमच्या ह्या पोराला असल्या वस्तू दाखव.

ऑनलाइन घेताना विक्रेत्याने लावलेला भाव बघू नका, लिलावात विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव बघा, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. परदेशातून मागवलं तर टपाल आणि कस्टम धरूनच हिशेब करा.

हातात आली की काय बघायचं

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, घाई इथे करायची नाही. लोक चमक बघतात. चमक कधीही आणता येते, आतली यंत्रणा मेली तर ती परत आणणारा कारागीर मिळणं मुश्कील. पेन्सिल हे एक छोटं यंत्र आहे हे डोक्यात पक्कं ठेवा.

माझ्याकडची एक पेन्सिल घेऊन सांगतो, एका तारवटीच्या घरातली आहे. बंद असताना माझ्या करंगळीपेक्षा थोडी लांब, चांदीची, अंगभर बारीक दाण्यादाण्याची यंत्रावर कोरलेली नक्षी आणि मध्ये एक छोटी कोरी ढाल, मालकाची अक्षरं कोरायला सोडलेली. मागच्या टोकाला जांभळा खडा बसवलाय. तो खडा असलेलं टोपण फिरवून काढलं तर खाली पोकळी, जादा लीड ठेवायची जागा, आणि तिच्यात खरंच जुन्या लीडचे तुकडे होते. नाकाजवळ कडेने बारीक अक्षरात मॉर्डनचं नाव. आता हिच्याकडे बघायचं कसं. आधी टॉर्चच्या उजेडात तिरकी धरून फिरवा, पोचे दिसतात, नक्षी कुठे घासून सपाट झालीय ते दिसतं. मग नाक बघा, भिंगाखाली. नाकाचं तोंड गोल हवं, एका बाजूला चिरलेलं किंवा पसरलेलं नको, कारण जुन्या पेन्सिलींमध्ये लीडला धरून ठेवणारी वेगळी पकड नसते, नाकाच्या तोंडातल्या घट्टपणावरच ती टिकते, तेच सैल झालं तर लिहिताना लीड आत पळते. मग यंत्रणा हळूच फिरवा, दोन बोटांनी, मनगटाचा जोर लावायचा नाही. अडली तर थांबा. फिरतेय पण काहीच पुढे येत नाही म्हणजे आतल्या आट्या झिजल्यात किंवा दांडी तुटलीय. शेवटी सांधे बघा, कुठे डाख लावल्याची करडी रेघ दिसली तर दुरुस्ती झालीय, वाईट नाही पण किंमत त्या मानाने द्यायची.

मागची कडी, टोपण, खडा, हे नंतर दुसऱ्या वस्तूवरून आणून बसवलेलं असतं कधीकधी. धातूचा रंग आणि झीज दोन्ही भागांवर सारखी आहे का बघा. अंग गुळगुळीत झिजलेलं आणि कडी करकरीत धारेची, तर ती कडी बाहेरची.

अक्षरं कोरलेली असतील तर ती घासून काढू नका. काही लोक भाव वाढावा म्हणून नाव पुसून टाकतात, तिथे पत्रा पातळ होतो, भिंगाखाली खोलगट दिसतो, आणि मुख्य म्हणजे कुणाची होती हा एकमेव पुरावा गेला.

शिक्के वाचायचे कसे

इंग्लिश चांदीवर चालणारा सिंह दिसला तर ती स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं तोंड लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, आणि एक इंग्रजी अक्षर असतं ते वर्षाचं, त्याचे तक्ते सहज मिळतात. राजा-राणीचं मुंडकं असेल तर वस्तू बहुधा १८९० च्या आतली, कारण तो कराचा शिक्का त्या वर्षी बंद झाला. मॉर्डनच्या वस्तूंवर एस एम आणि जी आर अशी दोन जोड्यांची अक्षरं असली तर ती गॅब्रिएल रिडल भागीदार असतानाची, १८२३ ते १८३७ मधली, अशी मिळाली तर सोडू नका. पण एक लक्षात घ्या, पुष्कळशा बारीक पेन्सिलींवर पूर्ण शिक्के नसतातच, नुसतं बनवणाऱ्याचं नाव असतं, म्हणून शिक्का नाही म्हणजे खोटी असं धरून बसू नका.

चौकटीच्या पतंगासारखं एक चिन्ह असतं ते डिझाइन नोंदणीचं, १८४२ ते १८८३ पर्यंत चाललं, १८८४ पासून त्याजागी नुसता नोंदणी क्रमांक आला. एवढ्यावरूनही काळ बऱ्यापैकी कळतो. नुसतं 'स्टर्लिंग' लिहिलेलं बहुतेक अमेरिकन. ८०० आकडा आणि चंद्रकोर-मुकुट म्हणजे जर्मन. ईपीएनएस किंवा अल्पाका लिहिलेलं चांदी नाही, पहिल्यावर चांदीचा मुलामा, दुसरं नुसतं जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू.

पोर्तुगीज चांदी गोव्यात भेटते म्हणून ती नीट शिकून घ्या. १८८७ ते १९३७ पर्यंत रानडुकराचं मुंडकं, १९३८ पासून गरुडाचं, आणि शुद्धता ९१६ किंवा ८३३. हे शिक्के इतके बारीक असतात की भिंगाशिवाय नुसता खड्डा वाटतो.

चुंबकाचा उपयोग एवढाच की नळी चिकटली तर चांदी नाही हे नक्की. नाही चिकटली तर काहीच सिद्ध होत नाही, पितळही चिकटत नाही. आणि शेटकडे, म्हणजे सोनाराकडे, तपासायला नेलीत तर आधीच सांगा, "शेट, कसावर घासू नका, नुसतं बघून सांगा." त्यांचा हात सवयीने कसोटीकडे जातो, आणि एवढ्याशा पेन्सिलीवर ती एक घासणीसुद्धा कायमची दिसते.

लीड मिळवणं आणि भरणं

पेन्सिल लिहिती झाली पाहिजे, नाहीतर नुसता चांदीचा तुकडा. १९१३ मध्ये चार्ल्स कीरनने एव्हरशार्प काढली, पुढे वॉल कंपनीने ती घेतली आणि १९२० च्या दशकात अशा अमेरिकन पेन्सिली जगभर गेल्या, त्यांचं माप १.१८ मिलिमीटर, आणि ते आजही ऑनलाइन मिळतं. मॉर्डनच्या जुन्या पेन्सिलींची मापं वेगवेगळी, त्यामुळे व्हर्नियरने आधीच्या लीडचा तुकडा मोजा, तो नसेल तर नाकात काय जातं ते बघा. इथे गिटारची तार कामाला येते. इलेक्ट्रिक गिटारच्या १०-४६ च्या सेटमधली सगळ्यात जाड तार ०.०४६ इंचाची, म्हणजे जवळजवळ बरोबर १.१८ मिलिमीटर. ती नाकाशी नुसती टेकवून अंदाज घ्या, आत रेटू नका, तिच्यावर वेटोळं असतं ते चांदीला ओरखडतं. नाकात अडकलेला जुना तुकडा काढायला त्याच सेटमधली बिनवेटोळ्याची तिसरी तार, ०.०१७ इंचाची, सरळ करून हळूहळू टोचत भुगा पाडायचा आणि उलटी धरून झटकायचा.

जाड लीड कधीही दाबून बसवायची नाही, नाक फाटतं. किंचित जाड असेल तर बारीक पॉलिश पेपरच्या घडीत धरून फिरवत उतरवा. यंत्रणा अडलेली असेल आणि पेन्सिल पूर्ण धातूची असेल तर लायटरमधलं पेट्रोल एक थेंब सांध्यात सोडून रात्रभर ठेवा, आगीपासून लांब, पेटत्या दिव्याच्या खोलीत तर नकोच. शिलाई मशीनचं तेल घालू नका, ग्रॅफाइटच्या भुकटीबरोबर त्याचा चिखल होतो.

साफसफाई

कमीत कमी. चांदीवरचा काळेपणा नक्षीच्या खाचांत राहू द्यायचा, त्यानेच नक्षी उठून दिसते. मऊ सुती फडक्याने वरचेवर पुसा, बस्स. आपल्याकडे समई-ताम्हण चिंच नाहीतर कोकम लावून लख्ख करतात, चांदीला टूथपेस्ट किंवा रांगोळी लावतात, यातलं काहीही इथे नको, नक्षी झिजते आणि आंबट पाणी सांध्यांतून आत शिरतं. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या पाण्यात बुडवायचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेला असतो, पोकळ आणि यंत्रणा असलेल्या वस्तूला तो उपाय करायचाच नाही.

पावसाळा, म्हणजे खरी परीक्षा

पुस्तकांत आणि परदेशी व्हिडिओंत जी साठवण दाखवतात ती कोरड्या हवेची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, किनाऱ्याजवळ राहत असाल तर हवेत मीठही आहे. म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच. रंग बदलणारं जेल घ्या, रंग बदलला की साधारण ११०-१२० डिग्रीला ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं, मे संपायच्या आत सगळं तापवून ठेवायचं.

प्रत्येक पेन्सिल वेगळ्या पॉलिथिनच्या झिप पिशवीत किंवा ॲसिड नसलेल्या पांढऱ्या टिश्यूत. सोनाराच्या गुलाबी कागदात ठेवू नका, दमट हवेत रंग सुटतो. पीव्हीसीच्या कडक पारदर्शक पिशव्या, रबरबँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र, हे चारही चांदीपासून लांब, रबर आणि लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते. याच कारणाने व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक काळ्या रबराच्या पेन्सिली चांदीच्या डब्यात ठेवायच्या नाहीत, आणि त्यांना ऊन-पाणी दोन्ही लागू देऊ नका, तपकिरी पडतात.

सेल्युलॉइड तर पूर्ण वेगळं ठेवा. १९२०-३० च्या दशकातल्या रंगीत, संगमरवरी दिसणाऱ्या पेन्सिली बहुतेक सेल्युलॉइडच्या, जवळ नेल्या तर कापराचा वास येतो. हे जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचा धातू खाते, शिवाय झटकन पेट घेतं. याला हवाबंद डबा नको, हवा खेळती हवी, थंड आणि अंधारी जागा. पृष्ठभागावर बारीक तडे किंवा घामासारखा ओलेपणा दिसला तर त्याच दिवशी बाजूला काढा. आणि डांबरगोळ्या कुठल्याच डब्यात नकोत.

नोंद आणि कायदा

वहीत किंवा मोबाइलवर प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, पट्टी शेजारी ठेवून फोटो, शिक्क्याचा वेगळा फोटो, लांबी बंद आणि उघडी, लीडचं माप, कुठून घेतली, किती दिले, आणि ज्याच्याकडून घेतली त्याने सांगितलेली हकीगत त्याच्याच शब्दांत. वस्तूवर स्टिकर चिकटवायचा नाही, सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा.

हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या पेन्सिली दिसायला फार सुरेख, विशेषतः नाचाच्या कार्यक्रमपत्रिकेला अडकवायच्या त्या नाजूक. घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकेतल्या हस्तिदंताचा व्यापारही बंद झाला, वस्तू कितीही जुनी असली तरी. हाडाच्या वस्तू वेगळ्या, हाडावर भिंगाखाली बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, हस्तिदंतावर एकमेकांना छेदणाऱ्या कमानी. खात्री होत नसेल तर हात लावू नका.

दुसरा कायदा गोव्यातल्या लोकांना जास्त लागू पडतो कारण प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी लिस्बन नाहीतर लंडनला आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तूत मोडू शकते, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, भेट म्हणूनसुद्धा नाही. तिकडचे नातेवाईक सुट्टीत आले की आजोबांची पेन्सिल आठवण म्हणून मागतात, द्यावीशीही वाटते. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला मिळतो, त्यासाठी वर सांगितलेले शिक्क्यांचे फोटो आणि नोंदी कामाला येतात. दाखला हातात आल्यावरच बॅगेत भरू द्या.